आधी उजेड, मग कुत्रा

कुत्रा पाळलेल्या कुठल्याही घरातल्या मोबाइलची गॅलरी उघडा. शेपटाचे फोटो निघतील, पाठमोरे निघतील, हललेले तर ढिगाने निघतील. कुठे डोळे हिरवे चकाकताहेत, कुठे सोफ्याखालून अर्धं तोंड बाहेर आलंय, आणि कुत्रा काळा असेल तर नुसताच एक काळा डाग. एवढ्या फोटोंतून मामाला पाठवायला एक धड फोटो सापडत नाही. ‘आमचा एका जागी बसतच नाही हो,’ अशी तक्रार मग त्या बिचाऱ्याच्या नावावर जमा होते.

तक्रार अर्धीच खरी आहे. तो बसतो, पण आपली तयारी होईपर्यंत बसत नाही. आपण करतो काय, तर तो काहीतरी लाघवी करताना दिसला की मोबाइल शोधायला धावतो, लॉक उघडतो, ‘मोती, इकडे बघ, मोती!’ सुरू करतो. मग लक्षात येतं की खिडकी त्याच्या मागे आहे आणि तोंडावर अंधार. मग त्याला उचलून दुसरीकडे बसवतो, मागची खुर्ची हलवतो, एव्हाना मोती जांभया देऊ लागलेला असतो. फोटो काढून घेण्याचा उत्साह बहुतेक कुत्र्यांमध्ये पाच-दहा मिनिटं टिकतो, पिल्लांमध्ये त्याहून कमी. तो सगळा आपण मांडामांडीत घालवतो.

म्हणून क्रम उलटा करा. जागा ठरवा, उजेड बघा, मागचा पसारा हटवा, घरातल्या एखाद्या उशीचे किंवा मुलाचे दोन फोटो काढून सगळं ठीक दिसतंय ना ते तपासा, खाऊ खिशात टाका आणि कुत्र्याला सगळ्यात शेवटी हाक मारा. आणि हो, त्याआधी लेन्स पुसा. कुत्रा असलेल्या घरात मोबाइलच्या लेन्सवर ओल्या नाकाचा ठसा असतोच असतो. फोटो धुरकट येतात त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

बाल्कनीच्या दारात

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना बाल्कनीचं दार किंवा मोठी खिडकी हा फुकटचा स्टुडिओ आहे. थेट ऊन आत येत नसेल अशी वेळ निवडायची. बाल्कनी पूर्वेला असेल तर दुपारनंतर, पश्चिमेला असेल तर सकाळी. पडदे पूर्ण सरकवा. डासांच्या जाळीचं दार असेल तर तेही बाजूला करा, ती जाळी बराच उजेड खाते. दार उघडं राहणार असेल आणि ग्रिल नसेल, तर मात्र पट्टा घातल्याशिवाय आणि तो कुणीतरी हातात धरल्याशिवाय काही सुरू करू नका.

कुत्र्याला दारापासून तीन-चार फूट आत, दाराकडे तोंड करून बसवायचं. तुमची पाठ बाहेरच्या उजेडाकडे. अगदी मधोमध बसलात तर तुम्हीच त्याचा उजेड अडवाल, म्हणून थोडं कडेला सरका. आता त्याचे डोळे नीट बघा. प्रत्येक बुबुळात दाराचा एक इवलासा पांढरा चौकोन दिसायला हवा. तो असला की चेहऱ्यात जीव येतो. तो नसेल तर कॅमेरा कितीही महागडा असो, डोळ्यांच्या जागी दोन भोकं उमटतात. चौकोन दिसत नसेल तर कुत्र्याची मान जरा वर यायला हवी किंवा तो दाराच्या आणखी जवळ यायला हवा. या मांडणीचा दुसरा फायदा असा की मागची खोली आपोआप अंधारात जाते. कपड्यांचा स्टँड, रद्दीचा गठ्ठा, टीव्हीच्या वायरी, सगळं गडप.

घरातले दिवे बंद करायला विसरू नका. बाहेरचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की पांढऱ्या पॉमेरेनियनचं एक अंग निळं आणि दुसरं पिवळं दिसतं, आणि नंतर काहीही केलं तरी तो रंग जुळत नाही. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण शटरचा वेग वाढला की फोटोवर आडवे पट्टे उमटतात. नाइट मोडवरही भिस्त ठेवू नका. त्यात मोबाइल लागोपाठ टिपलेल्या अनेक चित्रांचं एक चित्र करतो, आणि तेवढ्या वेळात कुत्र्याने कान हलवला तरी त्याला तीन कान येतात. गाढ झोपलेल्या कुत्र्यासाठी तो मोड चांगला आहे.

आणि फ्लॅश बंद म्हणजे बंद. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो, अंधारात बघण्यासाठी निसर्गाने दिलेला. फ्लॅशचा झोत त्याच्यावर आपटून थेट लेन्समध्ये परत येतो आणि डोळे हिरवे-पिवळे पेटतात. कुत्रा दचकतो ते वेगळंच. दोन-चारदा दचकलेला कुत्रा पुढे मोबाइल समोर आला की उठून जातो.

काळा आणि पांढरा

सगळ्यात जास्त रडगाणं काळ्या कुत्र्यांच्या मालकांचं असतं, आणि त्यांचं खरंही आहे. कॅमेऱ्याला समोर काळा लॅब्रॅडॉर आहे की अंधारी खोली, हे कळत नाही. समोरचं सगळं सरासरीने मध्यम करड्या छटेचं दिसावं, असा त्याचा हिशोब असतो. नवे मोबाइल त्याहून बरेच हुशार झालेत, तरी फसतात. कुत्रा जवळून टिपला आणि चित्रभर तोच असला, की कॅमेरा सगळं उजळवतो आणि काळाभोर कुत्रा धुवून विटलेल्या चादरीसारखा राखाडी दिसतो. उलट, कुत्रा लहान आणि मागे आकाश किंवा पांढरी भिंत असली, की कॅमेरा त्या उजेडाला सांभाळायला सगळं गडद करतो आणि कुत्र्याची नुसती आकृती उरते.

मोबाइलवर उपाय सोपा आहे. कुत्र्याच्या तोंडावर बोट टेकवा. बहुतेक मोबाइलवर बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढलं की चित्र गडद होतं, वर नेलं की उजळतं. जवळून टिपताना काळ्या कुत्र्यासाठी थोडं खाली, उजळ पार्श्वभूमी असेल तर वर. बोट तसंच जरा वेळ दाबून ठेवलं तर बऱ्याच मोबाइलमध्ये ती मात्रा आणि फोकस दोन्ही कायम राहतात, दर फोटोला पुन्हा मोजणी होत नाही. कुत्र्याने जागा बदलली की मात्र ते पुन्हा करावं लागतं.

पण खरा उपाय बोटात नाही, उजेडाच्या दिशेत आहे. काळी फर दिसते ती तिच्यावरच्या चकाकीमुळे. म्हणून काळ्या कुत्र्याला खिडकीकडे थेट तोंड करून न बसवता थोडं तिरकं बसवा, म्हणजे एका बाजूने आलेला उजेड गालावरून आणि मानेवरून सरकत जाईल आणि केसांचे पदर मोकळे होतील. आधी ओलसर फडक्याने अंग पुसून ब्रश फिरवला तर ही चकाकी दुप्पट होते. मागे पांढरी भिंत नको, काळा सोफाही नको. खाकी, मातकट, गडद हिरवा, विटकरी असलं काहीतरी हवं. कोकणातल्या घराचा जांभ्याचा चिरा यासाठी फार उत्तम.

पांढऱ्या कुत्र्याचं दुखणं वेगळं. त्याच्या अंगावर उन्हाचा पट्टा पडला की तिथले केस सपाट पांढरे होतात आणि ते नंतर परत आणता येत नाहीत. सूर्याचं चिन्ह इथे जपून वापरा: केसांचा पोत दिसेनासा होईल इतकं उजळवू नका, आणि कॅमेऱ्याने मळका करून ठेवला असेल तर थोडं वर न्या. दुसरी गोष्ट, पांढरी फर आजूबाजूचा रंग उचलते. हिरवळीवर बसवलात तर हनुवटीखाली हिरवट झाक येते. पावसाळ्यात गच्चीवर निळी ताडपत्री घातलेली असते, तिच्याखाली काढलेला पॉमेरेनियन आजारी दिसतो. रंग बिघडलाय असं वाटलं तर मोबाइलला दोष देण्याआधी वर-खाली बघा.

जमिनीवर बसा

आपण उभ्याउभ्या काढलेल्या फोटोत कुत्र्याचं डोकं मोठं, पाय आखूड, आणि मागे फरशीच फरशी असते. रोज आपल्याला तो असाच दिसतो, त्यामुळे त्या फोटोत बघण्यासारखं काही उरत नाही. मांडी घालून बसा, दॅशहुंड किंवा पग असेल तर चक्क पोटावर झोपा. लेन्स त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी एक युक्ती आहे: मोबाइल उलटा धरा. लेन्स वरच्या टोकाला असते, ती उलटा धरल्यावर जमिनीपासून दोन बोटांवर येते. फोटो मोबाइल आपणहून सुलटा करून ठेवतो. बटण स्क्रीनवरचं न दाबता आवाज कमी-जास्त करायचं दाबा, हात कमी हलतो. कुत्र्याला पायरीवर, ओट्यावर किंवा कट्ट्यावर बसवलं तरी चालतं, तुम्ही खाली आणि तो वर.

एलियट अर्विट या छायाचित्रकाराने १९७४ साली न्यू यॉर्कमध्ये काढलेला एक फोटो या बाबतीत बघण्यासारखा आहे. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकलेला. चौकटीत एका बाईचे फक्त बूट, शेजारी ग्रेट डेन कुत्र्याचे नुसते लांबलचक पाय, आणि पूर्ण दिसतोय तो एकटा टोपी घातलेला चिमुकला चिवावा. त्या उंचीवरून माणसं दिसतच नाहीत, जगाचा मालक चिवावा आहे. अर्विटने कुत्र्यांच्या फोटोंची पुस्तकंच काढली, आणि त्यांचं लक्ष वेधायला तो खुशाल त्यांच्यावर भुंकायचा.

खाली बसलात की लगेच दुसरा मोह होतो, जवळ जाण्याचा. मोबाइलची नेहमीची लेन्स बरीच रुंद बघते, त्यामुळे हातभर अंतरावरून काढलं की नाक भोपळ्याएवढं आणि कान मागे पळालेले. गंमत म्हणून एक फोटो ठीक आहे. तो खरा जसा दिसतो तसा हवा असेल तर चार-पाच पावलं मागे या आणि मोबाइलमध्ये दोनपट किंवा तीनपट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नसेल तर चिमटीने चित्र ओढत बसू नका, नंतर क्रॉप करणं बरं.

कुत्रा आणि भिंत यांच्यात पाच-सहा फूट असतील तर पार्श्वभूमीही थोडी मऊ होते. माझ्या मते हा खरा मार्ग. पोर्ट्रेट मोडमध्ये मोबाइल अंदाजाने मागचं पुसतो, आणि कुत्र्याच्या बाबतीत त्याचा अंदाज मिशा, कानाच्या टोकावरचे केस आणि शेपूट इथे हमखास चुकतो. कात्रीने कापून चिकटवल्यासारखा गोल्डन रिट्रीव्हर कितीतरी घरांच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला दिसतो.

डोक्यामागे काय आहे ते एकदा बघून घ्या. खिडकीचा गज, झाडू, टेबलाचा पाय, हे कुत्र्याच्या डोक्यातून उगवल्यासारखे दिसतात आणि एक पाऊल डावीकडे-उजवीकडे सरकलं की जातात. पंजे कापू नका. घ्यायचं तर पंजे आणि शेपटासकट पूर्ण घ्या, नाहीतर सरळ छातीपासून वर. तो ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडा.

त्याचं लक्ष

आता कुत्र्याला बोलवा. इथे बहुतेक घरांत एकच गोंधळ होतो. चार जण चार दिशांनी ‘यू यू यू’ करतात, टाळ्या वाजवतात, आणि कुत्रा गोल गोल फिरतो. बोलणारा माणूस एकच हवा आणि तो फोटो काढणाऱ्याच्या अगदी मागे हवा, त्याचा हात लेन्सच्या वर. खाऊ त्याच हातात.

आवाजाचा हिशोब समजून घ्या. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. म्हणजे ओरडण्याची काहीच गरज नाही. बिस्किटाच्या पुड्याची चुरचुर, किल्ल्या, जिभेने केलेला ‘टॉक’, हलकी शीळ एवढं पुरतं. कान टवकारून मान तिरकी करण्याचा जो फोटो सगळ्यांना हवा असतो, तो अनोळखी आवाजावर येतो, आणि तोच आवाज तीन-चारदा ऐकला की कुत्र्याला त्याचं काही वाटेनासं होतं. म्हणून नवा आवाज अगदी शेवटासाठी राखून ठेवा, बोट बटणावर असतानाच काढा, आणि आवाज काढल्यावर पुढच्या सेकंदात फोटो घ्या. बर्स्ट लावा, म्हणजे बटण दाबून धरलं की लागोपाठ फोटो येत राहतात. काही मोबाइलमध्ये बटण एका बाजूला ओढावं लागतं. आधी उशीवर करून बघा म्हटलं ते यासाठीही.

खेळणं वापरणार असाल तर निळं किंवा पिवळं. कुत्र्यांना रंग दिसतात, पण मुख्यतः हे दोनच नीट. लाल आणि हिरवा त्यांच्या लेखी सारखेच मळकट. हिरवळीत लाल चेंडू आपल्याला उठून दिसतो, कुत्रा मात्र तो नाकाने शोधत बसतो आणि फोटोत फक्त डोक्याचा माथा येतो.

खाऊ करंगळीच्या नखाएवढा. उकडलेल्या चिकनचे, पनीरचे, गाजराचे तुकडे चालतात. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी आहेत, ते घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा. दर दोन-तीन फोटोंनी एक तुकडा द्या, फोटो चांगला आला असो वा नसो. त्याच्या दृष्टीने त्याने त्याचं काम केलेलं असतं.

आणि तो कधी ‘पुरे’ म्हणतोय ते ओळखा. तोंडात काही नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, कान मागे चिकटवणं, शेपूट पोटाखाली. काही कुत्र्यांना लेन्स म्हणजे न मिटणारा मोठा डोळा वाटतो, आणि त्यांच्या जगात टक लावून बघणं हे भांडणाचं आमंत्रण असतं. अशा कुत्र्यापुढे मोबाइल तोंडासमोर धरू नका. छातीशी धरा, तुमचा चेहरा त्याला दिसू द्या, अधूनमधून नजर दुसरीकडे वळवा. दोन दिवस मोबाइल नुसता त्याच्याजवळ ठेवून खाऊ देत राहिलात तर बराच फरक पडतो. ज्याला आपण ‘हसतोय’ म्हणतो तो चेहरा, तोंड सैल उघडं, जीभ बाहेर, कान ढिले, फिरून आल्यावर आणि पाणी प्यायल्यावर येतो. तेव्हा चिपडं आणि लाळ पुसा आणि फोटो घ्या.

घराबाहेर

बाहेरच्या फोटोंना आपल्याकडे पावसाळ्यासारखा हंगाम नाही. ढग म्हणजे आकाशभर ताणलेला पडदा. सावल्या जातात, काळा-पांढरा दोन्ही कुत्रे सारखेच सुखाने टिपता येतात. हिवाळ्यात टेकड्यांवरचं गवत वाळून सोनेरी होतं, सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या तासात त्यातून उजेड अंगाच्या कडेकडेने येतो. पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर जाणार असाल तर पट्टा हातातच ठेवा, तिथे मोर आहेत. पट्टा सोडल्याशिवाय फोटो चांगला येत नाही हा गैरसमज आहे. लांब, बारीक पट्टा बाजूला खाली ओढून धरला की नंतर मोबाइलमध्येच तो पुसून टाकता येतो.

किनाऱ्यावर संध्याकाळ गाठा. कोकणात सूर्य डोंगर आणि माडांच्या मागून उगवतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ वाळूवर सावली असते. संध्याकाळी तो समुद्रावर उतरतो तेव्हा समुद्राकडे पाठ करून बसा, कुत्र्याच्या तोंडावर सोनेरी उजेड येईल. समुद्राकडे तोंड केलंत तर आकृती मिळेल. मग तो बाजूने दिसायला हवा, नाहीतर आकृतीत कुत्रा ओळखू येत नाही.

मार्च ते मे दुपारचे फोटो विसरून जा. ऊन फोटोलाही वाईट आणि कुत्र्यालाही. हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांनाही होणार नाही. २००३ च्या हचच्या जाहिरातीनंतर घरोघरी आलेला पग आणि तशाच चपट्या नाकाचे बाकीचे, यांना उष्णता बाहेर टाकणं आधीच कठीण जातं. त्यांना पळवून ‘जीभ बाहेर काढलेला गोड फोटो’ मिळवण्याचा हट्ट थेट जिवावर बेतू शकतो.

पळणारा कुत्रा टिपायचा असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या एक हजाराव्या भागाइतका तरी हवा. मोबाइलवर प्रो मोड असेल तर तिथे लावा, नसेल तर भरपूर उजेड आणि बर्स्ट. सुरुवात बाजूने पळणाऱ्या कुत्र्यापासून करा, समोरून अंगावर येणारा सगळ्यात अवघड. उत्तर कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात शेतकऱ्यांकडे दिसणारा मुधोळ, म्हणजे आपल्याकडे कारवानी, तो तर पळण्यासाठीच घडलाय. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात तो आहे. या जातीच्या कुत्र्यांचे चारही पाय एका झेपेत दोनदा जमिनीवरून सुटतात: एकदा शरीराखाली गोळा झालेले असताना, आणि एकदा पुढे-मागे पूर्ण ताणलेले असताना. तुम्हाला दुसरा क्षण हवा. तो डोळ्यांनी बघून बटण दाबायला गेलात तर निसटतो, म्हणून झेप सुरू होण्याआधीच बर्स्ट सुरू करा आणि त्याच्या वेगाने मोबाइल फिरवत राहा.

पळण्यापेक्षा माझा जास्त लोभ अंग झाडण्यावर आहे, कारण ते कधी होणार हे आपल्याला ठाऊक असतं. आंघोळ घातली, पाणी बंद केलं, हात सोडला, की काही क्षणांत झाडणं आलंच. ते डोक्यापासून सुरू होतं आणि शेपटाकडे जातं, त्यामुळे पहिल्या झटक्यातच चेहरा, कान आणि गालाची कातडी तीन दिशांना उडालेली असते. अंगणात किंवा गच्चीवर त्याच्या मागून तिरकं ऊन येईल आणि पलीकडे सावलीतली गडद भिंत असेल अशी जागा धरा. थेंब फक्त गडद पार्श्वभूमीवर आणि मागच्या उजेडातच दिसतात, पांढऱ्या भिंतीपुढे एकही दिसणार नाही. सहा-सात फुटांवर बसा आणि हात सुटतानाच बर्स्ट चालू करा. आंघोळ दुसऱ्या कुणालातरी घालायला लावा हे सांगायला नकोच.

माणसं सोबत असताना

घरच्यांबरोबरचा फोटो बिघडतो तो घरच्यांमुळे. सगळे खाली वाकून कुत्र्याला ‘तिकडे बघ’ सांगत असतात आणि नेमका कुत्रा कॅमेऱ्याकडे बघतो तेव्हा फोटोत चार टाळकी आणि एक कुत्रा असतो. माणसांनी लेन्सकडे बघत राहायचं, कुत्र्याची जबाबदारी फोटो काढणाऱ्याची. मुलांना त्याच्या गळ्यात हात टाकायला लावू नका. मिठी बऱ्याच कुत्र्यांना कोंडल्यासारखी वाटते, त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं, आणि चावण्याचा धोकाही तिथेच असतो. मुलाला जमिनीवर बसवा आणि दोघांना काहीतरी काम द्या. आजी भाकरीचा तुकडा मोडतेय आणि तो तिच्या हाताकडे श्वास रोखून बघतोय, हा फोटो सगळ्यांनी ओळीत उभं राहून काढलेल्या फोटोपेक्षा शंभर पटीने घरचा असतो.

कपड्यांबद्दल माझं मत वाईट आहे, पण सणावारी लोक ऐकत नाहीत. मग निदान फेटा किंवा जाकीट आठवडाभर आधीपासून थोडा थोडा वेळ घालून सवय करा. विल्यम वेगमन या अमेरिकन चित्रकाराचे वेशभूषा केलेले वायमरानर जगभर गाजले, पण ते त्याच्या घरचेच कुत्रे होते आणि हे कॅमेऱ्यापुढचं बसणं हा त्यांचा रोजचा खेळ होता. दिवाळीत शेपटाच्या उंचीवर पणती ठेवू नका, आणि फटाके वाजत असताना कॅमेरा बाहेर काढूच नका. रांगोळीजवळ बसवून काढलेला फोटो सुंदर येतो. रांगोळीतून चालत गेल्यानंतरचा त्याहून सुंदर येतो, फक्त तो घरातल्या बाईंच्या आधी काढावा लागतो.

ज्यांच्याकडे वेगळा कॅमेरा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ५० किंवा ८५ मिलिमीटरची लेन्स घरात पुरते. बसलेल्या कुत्र्यासाठी शटर सेकंदाच्या २५० व्या भागाखाली नेऊ नका, आयएसओ ऑटोवर सोडा. फोटो थोडा दाणेदार आला तर चालतो, हललेला चालत नाही. अ‍ॅपर्चर १.८ वर ठेवण्याचा मोह टाळा. जर्मन शेफर्डचं नाकाड इतकं लांब असतं की नाक स्पष्ट आणि डोळे पुसट अशी गत होते. ४ ते ५.६ बरं. फोकस डोळ्यावरच हवा. २०१९ पासून सोनीने आणि नंतर इतरांनी प्राण्यांचे डोळे आपणहून शोधणारा फोकस दिलाय, तो तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर मेनूमध्ये जाऊन चालू करा. काळ्या कुत्र्यावर तो कधीकधी डोळ्याऐवजी चकाकणारं नाक पकडतो, तेवढं बघत राहा.

शेवटी एक रुक्ष काम. देखणेपणाशी संबंध नसलेले चार-पाच फोटो वेगळे काढून ठेवा: दोन्ही बाजूंनी उभा, पूर्ण शरीर, समोरून चेहरा, छातीवरचा पांढरा ठिपका, वाकडं शेपूट किंवा फाटलेला कान असं जे काही त्याचं खास असेल ते जवळून, आणि गळ्यातला पट्टा. फटाक्यांच्या रात्री दार उघडं राहून कुत्रा पळाला की लोक गॅलरी चाळतात आणि पत्रकावर छापायला पोर्ट्रेट मोडमधला झोपलेला चेहरा तेवढा सापडतो. हे फोटो सावलीत, साध्या भिंतीपुढे काढा, त्याच्या शेजारी माणसाचा पाय येऊ द्या म्हणजे उंची कळते, आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पिल्लू असेल तर दर महिन्याला नवे काढा. शिह त्झू असेल तर केस कापून आणल्यावर लगेच, कारण त्या दिवशी त्याला शेजारीही ओळखत नाहीत.